भरदिवसाची चंद्री

सावरगोंदी (पुनर्वसन), ता. पवनी
१४ सप्टेंबर

नत्थू भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र फेकू नका. पहिले वाचा, मंग फेका. फोन लावू लावू माझं बोट दुखलं. तुमची डिंपल दर वेळेस म्हणते, "मोठी आई, बाबा मशीनवर बसले आहेत." कोणतं ब्लाऊज शिवून राहिले जी तुम्ही, जे पोळ्यापासून संपूनच नाही राहिलं? म्हणून आता पत्र. पत्राले मशीनवर बसलो म्हणून सांगता येत नाही.

बातमी अशी की तुमच्या भावावर पिच्चर निघून राहिला आहे. नागपूरची एक पोरगी आली आहे, तृप्ती नावाची, कॅमेरा घेऊन. याले माहितीपट म्हणतात. झाडीपट्टीतले नाटककार वासुदेवराव मोहतुरे, त्यायचं घर, त्यायचा काळ, असं सगळं त्यात येणार आहे. पहिल्या दिवशी आली तं मले वाटलं पीकविम्याची बाई आहे. मी तिले सरळ धानाच्या बांधीवर धाडली. दुपारी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परत आली अन् म्हणे, "काकू, सर कुठे भेटतील?" सर म्हणजे कोण, हे मलेच पटकन समजलं नाही. या घरात त्यायले आजपर्यंत कोणी सर म्हटलं नव्हतं.

मी खूश आहे, लपवत नाही. या माणसानं अकरा नाटकं लिहिली. लोक थंडीत घोंगडी पांघरून रात्र रात्र बसले, अन् नाटककाराचं नाव कोणत्या पुस्तकात नाही, कोणत्या सभेत त्याच्यासाठी खुर्ची नाही. आता ते शहात्तरीत आले. त्यायच्या डोळ्यादेखत कोणीतरी त्यायले लेखक म्हणावं, एवढीच माझी हौस उरली आहे.

पण पोरगी विचारते अन् हे बोलत नाहीत. शाळेचं सांगतात, दंडारीच्या नाचगाण्यात ढोलकी वाजवत होते ते सांगतात, मामंजींनी पहिल्या नाटकाची वही चुलीत घातली होती तेही हसत हसत सांगतात. पण 'धुऱ्यावरची चंद्री', शेताच्या बांधावरून गावाले बोलणाऱ्या बाईचं ते नाटक, त्याचं नाव निघालं की उठतात. म्हणतात, बैलायले पाणी दाखवाचं आहे. बैल विकून तीन वर्षं झाली.

काहून उठतात ते तुम्हाले माहीत आहे, मलेही माहीत आहे. दिवाळीनंतरची आपल्या गावची मंडई यंदा ९ नोव्हेंबरले भरते, रविवारी; दिवसा दंडार, रात्री नाटक, जत्रा तशीच. माझ्या जावेले, ललिताले घेऊन या. पाहुणे म्हणून या, तेलातल्या गरम सुवाऱ्या खा, अन् भावासमोर एकदा बसा. दुसरं काही मागत नाही.

तुमची वहिनी,
रुखमिणी

ता. क. : तुमची कंबर अजून पहिल्यासारखीच आहे का? सहज विचारलं.

५ ऑक्टोबर

नत्थू भाऊजी,

उत्तर नाही. पण ललितानं सांगितलं की पत्र तुम्ही दोनदा वाचलं अन् ता. क. वाचून मोठ्यानं हसले. चला, हसले तरी.

तृप्तीले जुन्या गावच्या मंडईची जागा पाहाची होती. तिले सांगितलं, बाई, ती जागा धरणाच्या पाण्यात गेली, आम्ही सगळे उठून इकडे आलो. ती म्हणे, पाणीच दाखवा. मंग मंगरूच्या डोंग्यात बसून गेलो. मंगरू आता पार म्हातारा झाला, पण वल्हं मारताना दंड अजून तसेच फुगतात. तुमचा नवरा होता ना तो नाटकात, म्हणून सांगते. तुमच्या भावानं पाण्यावर बोट ठेवून दाखवलं, इथं स्टेज, इथं पेट्रोमॅक्स, तिथं बायांची बैठक. सपाट पाणी होतं, एक बगळा नव्हता. तरी ते असे दाखवत होते की मले खरंच बायांची बैठक दिसली.

अन् मंगरूले कॅमेऱ्याची काय भीती. तो सुरू झाला. म्हणे, "म्याडम, आमची चंद्री म्हणजे नत्थू. बाप्या माणूस, पण लुगडं नेसून आला का बाया आपला पदर सारखा करत. ज्या गावात नाटक, त्या गावात नत्थू दुपारीच जाये. विहिरीवर बसे, पानठेल्यावर बसे. कोणी कोणाचं तलावाचं पाणी अडवलं, कोणी धुरा कोरला, कोणाची सून रडून राहिली, सारं ऐकून घे. अन् तिसऱ्या अंकात चंद्री धुऱ्यावर उभी राहून तेच बोले. नाव कोणाचं नाही. पण ज्याचं त्याले बरोबर लागे. एका गावात तं पाटलानं नाटक चालू असतानाच माणूस धाडून पाणी सोडलं."

पोरगी हुशार आहे. तिनं लगेच विचारलं, "म्हणजे तिसरा अंक दर गावात वेगळा होता? मग तो लिहिला कोणी?"

मंगरूनं वल्हं पाण्यात टाकलं. तुमचे भाऊ पाण्याकडे पाहत राहिले. डोंग्यात बैलायचं कारण सांगता येत नाही ना.

घरी आल्यावर तृप्ती माझ्याजवळ चुलीपाशी बसली. म्हणे, "काकू, नागपुरात सगळे मला सांगतात की वासुदेवरावांचा तिसरा अंक म्हणजे कमाल. आणि इथे त्या अंकाबद्दल ते एक वाक्य बोलत नाहीत. ते यावर बोलल्याशिवाय माझा चित्रपट पूर्ण होत नाही. मंडईपर्यंत मी थांबते. नाही जमलं तर बंद करावा लागेल."

मंग मी तिले कॅमेरा बंद कराले लावला अन् पंचाण्णव सालचं सांगितलं. नाटकाचा ठेकेदार म्हणे, आता लोकायले बाप्याची चंद्री नको, खरी बाई पाहिजे. यायनं मान डोलावली. तुम्ही बांधीत धान कापून राहिले होते. रस्त्यानं भोंगेवाली रिक्षा गेली, अन् चंद्रीच्या भूमिकेत नागपूरची अमुक अमुक असं तुम्ही त्या भोंग्यातून ऐकलं. घरात एक शब्द कोणी बोललं नव्हतं. विळा तसाच धुऱ्यावर ठेवला अन् तुम्ही दुसऱ्या दिवशी भिलाईची गाडी धरली. त्या बाईचा दोष नव्हता. ती बिचारी म्हणे, माझे संवाद द्या, तं द्यायले संवादच नव्हते. चार गावांत नाटक पडलं. त्यानंतर तुमच्या भावानं एकही नाटक लिहिलं नाही.

हे सांगताना मी रडली. पोरगीही रडली. अन् त्या रडण्यात मी एक गोष्ट बोलून बसली.

मी म्हटलं, यंदाच्या मंडईत तुले चंद्री पाहाले मिळन.

रागावू नका. म्हणजे रागवा, पण पुढचं ऐका. मी परसरामकडे गेली. तो आता मंडई कमिटीचा अध्यक्ष आहे, गावच्या नळाचंही तोच पाहते, लहानपणी आपल्या अंगणातली जांभळं चोरत होता तोच. तो म्हणे, "काकी, रात्रीचा स्टेज मोठ्या कंपनीले दिला. लायटिंग आहे, डान्स आहे. दुपारी दंडारीच्या टायमाले जागा देतो, पाहिजे तं घ्या." दुपारी म्हणजे भरदिवसा, उन्हात, पडदा नाही, लाईट नाही. मी म्हटलं, चालते.

मी त्याले फक्त एवढंच सांगितलं की नत्थूभाऊ बहुतेक येतात. बहुतेक हा शब्द मी वापरला होता. त्यानं ऐकला का नाही, देव जाणे.

रुखमिणी

२६ ऑक्टोबर

नत्थू भाऊजी,

भाऊबीज झाल्यावर तुमचं पोस्टकार्ड आलं. तीस वर्षांत तुमचं अक्षर पहिल्यांदा या घरी आलं अन् त्यात काय, तं "वहिनी, मी आता बासष्टीचा. भरदिवसा लुगडं नेसून उभा राहिलो तं पोट्टे हसतील. दादाचा पिच्चर दादाले लखलाभ. मले त्या भानगडीत पाडू नका."

वाचून मले राग आला. पोट्टे हसतील म्हणता. पहिल्या वेळेस काय आरती ओवाळली होती का लोकायनं? पवनीच्या बाजारात तुम्हाले पाहून शिट्ट्या मारणारे कोण होते? त्यायच्याच बाया दुसऱ्या दिवशी आपल्या दारात येऊन बसल्या होत्या, आमच्या गावात चंद्री कधी येते म्हणून. तुम्ही तेव्हा हसण्याले नाही भ्याले अन् आता भेता?

बरं. आता मले एक सांगाचं आहे. तुमचं कार्ड आलं त्याच्या पहिलेच पोस्टर छापून झाले होते.

नाही, खोटं कायले बोलू. कार्ड पहिले आलं, पोस्टर मंग छापले. पण ऑर्डर पहिलेच दिली होती. परसराम म्हणे कॅन्सल करू का, मी म्हटलं राहू दे. तुमचा तो जुना फोटो टाकला, नथ घातलेला. पवनीच्या बसस्टँडावर लागला, अड्याळलेही लागला. ऑटोवर भोंगा बांधून गावोगाव सांगणंही सुरू झालं.

तुमचे भाऊ बांधीत धान कापून राहिले होते. तिथूनच ऑटो गेला. "चंद्रीच्या भूमिकेत, तीस वर्षांनंतर, आपल्या सगळ्यायचे लाडके नत्थू मोहतुरे." ते हातात विळा तसाच घेऊन घरी आले. मले वाटलं आता मारते हा माणूस. पण आवाजही चढवला नाही.

म्हणे, "त्याले विचारलं होतं?"

मी म्हटलं, "पत्र लिहिलं होतं."

"तो हो म्हणाला?"

मी फडताळातून तुमचं कार्ड काढून त्यायच्या पुढं ठेवलं.

"मंग तू तेच केलं जे मी केलं होतं."

भाऊजी, मी चाळीस वर्षांत या माणसासमोर कधी हरली नाही. त्या दिवशी हरली. मी तिथंच ओट्यावर बसून राहिली. खरंच तं होतं. तुमचं नाव तुम्हाले न विचारता काढलं तेही भोंग्यातून, अन् तुम्हाले न विचारता परत टाकलं तेही भोंग्यातून. मले तुम्ही पाहिजे होते, म्हणून मी तुम्हाले विचारलंच नाही. चुकली मी.

मंग ते माझ्या बाजूले बसले. पहिल्यांदा बोलले. म्हणे, "ठेकेदारानं सांगितलं त्या दिवशी मी नत्थूले सांगाले बांधीवर गेलो होतो. तो गाणं म्हणून राहिला होता. मी धुऱ्यावरून परत फिरलो. म्हटलं उद्या सांगू. उद्या रिक्षा आली." एवढंच बोलले अन् तोंड फिरवलं. मी त्यायचा बचाव करून नाही राहिली. जे ऐकलं ते तुम्हाले कळवलं.

तुम्ही नाही म्हटलं तं नाही. पवनीपासून अड्याळपर्यंत प्रत्येक पोस्टरवर मी सोता जाऊन कोरा कागद चिकटवीन. कणकीची खळ करून ठेवली आहे.

रुखमिणी

३ नोव्हेंबर

नत्थू भाऊजी,

खळ वापरायची वेळ आली नाही. काय झालं ते ऐका.

काल सकाळी तुमच्या भावानं आंघोळ केली, धोतर नेसले, टोपी घातली. मले वाटलं कोणाचं तेराव्याचं जेवण आहे. तं ते जाऊन परसरामच्या ऑटोत बसले अन् म्हणे, "माईक इकडे दे." परसराम म्हणे, "काका, पोट्टा आहे ना बोलाले." हे म्हणे, "पोट्ट्याचं काम नाही हे."

तृप्ती धावत गेली अन् समोरच्या सीटवर ड्रायव्हरजवळ कोंबून बसली. मीही मागं बसली. कोण राहते घरी?

पहिलं गाव आलं. माईक हातात आला. ज्या माणसानं अकरा नाटकं लिहिली तो माईकले पाहत बसला. मंग बोलले. मी जसंच्या तसं लिहिते, कारण मी ते दिवसभर प्रत्येक गावात ऐकलं.

"सावरगोंदीच्या मंडईत नत्थू मोहतुरे चंद्री करणार, असं तुम्हाले सांगितलं. ते त्याले न विचारता सांगितलं. पंचाण्णव साली चंद्री बदलली, तेही त्याले न विचारता बदलली. ते काम माझं होतं. मी वासुदेव मोहतुरे, त्याचा मोठा भाऊ. नत्थू आला तं नाटक होईन. नाही आला तं मी स्टेजवर उभा राहून सगळ्यायची माफी मागीन. त्याचा दोष नाही."

लोक घरातून बाहेर निघाले. एक म्हातारी ऑटोसमोर उभी राहिली अन् म्हणे, "अरे वासुदेवा, हे बोलाले एवढी वर्षं लागली का गा तुले?" हे म्हणे, "लागली, बाई." ऑटो पुढे गेला.

संध्याकाळपर्यंत आवाज बसला होता. परसराम म्हणे, काका, पुरे. हे म्हणे, नत्थू जिथं जिथं नाचला ती सगळी गावं झाल्याशिवाय घरी जाचं नाही. एक गाव राहिलं होतं वैनगंगेच्या त्या बाजूचं, तिथंही गेले. शेवटी शेवटी माणसाचा आवाज कमी अन् घरघर जास्त. तरी लोकायले समजत होतं.

तृप्तीनं ते सगळं कॅमेऱ्यात घेतलं अन् डिंपलच्या फोनवर धाडलं. तुम्ही पाहिलं असन, नसन पाहिलं, मले माहीत नाही. डिंपल एवढंच म्हणे की बाबा मशीन बंद करून बसले आहेत.

मी आता काही मागत नाही. खरंच.

रुखमिणी

१२ नोव्हेंबर

भाऊजी,

तुम्ही कालच गेले अन् मी लगेच लिहाले बसली. तुम्ही म्हणान, मी तिथंच होतो, मले काय सांगता. पण तुम्ही स्टेजवर होते. समोरून काय दिसत होतं ते तुम्हाले कोण सांगन?

रविवारी सकाळी गावात कोणी एक माणूस डोक्याले दुपट्टा गुंडाळून फिरून राहिला आहे, असं मले नळावरच्या बायायनं सांगितलं. पानठेल्यावर बसला, शाळेच्या ओट्यावर बसला, सगळ्यायले चहा पाजून राहिला, अन् स्वतः काहीच बोलत नाही. मी हातातली सुवारी तेलात तशीच सोडली. करपली ती. ललिता मागच्या दारानं आली अन् माझ्या गळ्यात पडली, तेव्हा पक्कं झालं.

तुमचे भाऊ तेव्हा घरी नव्हते. माफी मागाची तयारी म्हणून मंडपात जाऊन खुर्चीवर बसले होते. त्यायले कोणी सांगितलंच नाही. मीच सांगू दिलं नाही. म्हटलं, यायनं एकदा तरी समोरून पाहावं.

चंद्री तिसऱ्या अंकात येते, म्हणून हे म्हणे, पहिले दोन होऊ द्या, मंग माफी मागतो; मंगरूनं अन् जुन्या मंडळीनं ते दोन अंक केले. मंगरू दोन ठिकाणी अडकला, तुमच्या भावानं खालून वही पाहून सांगितलं. मंग तिसरा अंक. दुपारचं ऊन असं की स्टेजवरच्या फळ्या तापल्या होत्या. अन् तुम्ही आले. हिरवं लुगडं, स्वतः शिवलेली चोळी, पांढऱ्या केसायवर पदर. टोप घातला नाही तुम्ही. मी म्हटलं, वा.

पोट्टे हसले. तुम्ही म्हटलं होतं तसेच हसले. मोबाईल वर झाले, शिट्ट्या झाल्या. एकजण ओरडला, "आजी आली."

तुम्ही काहीच केलं नाही. धुऱ्यावर बसले, पदर गुडघ्यावर घेतला, अन् पावसाची वाट पाहावी तसे त्यायच्या हसण्याकडे पाहत राहिले. हसणं हळूहळू संपलं. शेवटी जो पोट्टा एकटाच हसून राहिला होता त्यालेच लाज वाटली.

अन् मंग चंद्री उभी राहिली. "तलावाचं पाणी अडवत होते तेव्हा धुऱ्यावर येऊन बसत होती मी. आता गावात नळ आले. मले वाटलं, बरं झालं, आता मले कोणी बोलवत नाही. तं सकाळी नळावर गेली. एका गल्लीत पाणी असं चालू आहे की म्हशी धुवून राहिले, अन् मागच्या गल्लीतल्या बाया रिकामे गुंड-घागरी घेऊन उभ्या. म्हटलं, चावी कोणाजवळ आहे वो? बाया काही बोलल्या नाही. नुसती मान तिकडे केली."

अन् तुम्ही मान कमिटीच्या खुर्च्यायकडे केली. भाऊजी, आमच्या बायायची बैठक अशी उसळली की पुढची सतरंजी सरकली. मागच्या गल्लीवाली एक तं उठून उभीच राहिली. परसरामचं तोंड पाहाले पाहिजे होतं तुम्ही. सोमवारी सकाळी मागच्या गल्लीत पाणी आलं, हेही ऐकून ठेवा.

मले वाटलं झालं. तं तुम्ही थांबले. पदर सारखा केला अन् खाली पाहिलं, जिथं तुमचे भाऊ वही घेऊन बसले होते.

"अन् एका घरी दोन भाऊ होते. मोठा लिहे, लहान बोले. एका दिवशी मोठा धुऱ्यापर्यंत आला अन् तसाच मागं फिरला. लहान्यानं पाहिलं होतं त्याले. तो गाणं मुद्दाम म्हणून राहिला होता. म्हणे, दादा येईन, मले सांगन, मी थोडा रागवीन, मंग जेवाले बसू. दादा आलाच नाही. लहाना तीस वर्षं त्याच धुऱ्यावर उभा आहे, बापा. पाय दुखून राहिले त्याचे."

तुम्ही पाहिलं होतं त्यायले, हे मलेही माहीत नव्हतं.

मंगरूनं आता यायचं होतं, "चंद्री, पाणी सोडलं, घरी चाल" असं म्हणायचं होतं. मंगरू विंगेत डोळे पुसत उभा होता, तो हललाच नाही. तुमचे भाऊ खालून उठले. पायरीवर एक पाय ठेवला, मंग दुसरा. स्टेजवर तुमच्यासमोर येऊन उभे राहिले, अन् त्यायले ते वाक्य आठवेना. सोता लिहिलेलं वाक्य.

अन् तुम्ही हळूच सांगितलं, "म्हणा दादा, पाणी सोडलं."

ते म्हणाले, "पाणी सोडलं." अन् रडू फुटलं त्यायले.

तुम्हाले फक्त टाळ्या ऐकू आल्या असतीन. मी तुम्हाले समोरचं सांगते. जे पोट्टे हसत होते ते बेंचवर उभे होते. म्हाताऱ्या बायायनं बोटं मोडून तुमची दृष्ट काढली. रात्रीच्या कंपनीचा मालक दुपारीच आला होता, तो टोपी काढून उभा होता. अन् मी, भाऊजी, मी नाचली. खरंच नाचली. वयाचं भान राहिलं नाही.

जेवताना तुम्ही दोघं धानावरच्या किडीवर बोलत बसले. मी वाढत होती अन् म्हणत होती, बोला, किडीवर बोला, कशावरही बोला. लग्नसराईचे ब्लाऊज आहेत म्हणून तुम्ही लवकर गेले. जा. पण आता फोन उचलत जा.

रुखमिणी

२२ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचे ब्लाऊज तुम्हाले भंडाऱ्याले येऊ देत नव्हते, म्हणून तिथलं सगळं लिहिते. काल पिच्चर दाखवला. हॉल भरला होता. आपल्या गावचे तीन गाड्या करून गेले. प्राध्यापक, वकील, साहेब लोक पुढं बसले होते, अन् आपल्या बाया त्यायच्याही पुढं जाऊन बसल्या.

पिच्चरमध्ये आपलं जुनं गाव पाण्याखाली दिसते, मंगरूचा डोंगा दिसते. मीही दिसते, तेलात सुवारी सोडताना. बरी दिसते मी. तुमच्या भावाचं ऑटोतलं सगळं आहे. अन् तृप्तीनं मंडईनंतर त्यायले तोच प्रश्न पुन्हा विचारला होता, तिसरा अंक कोणी लिहिला. आपल्या ओसरीवर बसून ते बोलतात. यावेळेस उठत नाहीत.

म्हणतात, "चंद्रीच्या वाट्याले मी वहीत दोनच शब्द लिहिले होते. चंद्री बोलते. बाकीचा अंक माझ्या लहान भावाचा. प्रत्येक गावात नवा. लोक मले शाबासकी देत होते, मी घेत होतो. मी त्याले बंद केलं तेव्हा मले वाटलं मी फक्त नट बदलला. माझा अर्धा लेखक गेला होता."

पुढच्या रांगेतले एक मोठे प्राध्यापक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मंग सगळा हॉल उभा. तुमच्या भावाच्या खांद्यावर शाल टाकली. यायनं ती काढली अन् दुसरी मागितली. म्हणे, "लेखक दोन आहेत. एक भिलाईले आहे." लोक हसले, अन् खरंच धावत जाऊन दुसरी शाल आणली. ती माझ्याजवळ आहे, निळी, चांगली गरम आहे. मी अजून कोणाले हात लावू दिला नाही.

माझी हौस पुरी झाली, भाऊजी. त्यायच्या डोळ्यादेखत झालं, अन् एकट्याचं झालं नाही.

आता पत्राची खालची जागा मी सोडून देते. सकाळपासून हे माझ्या मागं फिरून राहिले आहेत, म्हणतात, मले लिहाचं आहे. तीस वर्षांनी पेन मागितला यायनं. रिफिल वाळली होती, दुकानातून आणावी लागली.

रुखमिणी

नत्थू,

तुझी वहिनी बाजूले बसून वाचून राहिली आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

गुढीपाडव्यापर्यंत सात गावं 'चंद्री' मागून राहिली आहेत. साकोलीकडची आहेत, लाखांदूरकडची आहेत. भरदिवसाच पाहिजे म्हणतात. परवा एकजण पोस्टरचा मजकूर न्यायला घरी येऊन बसला होता. परसराम म्हणे, काका, हो म्हणून टाका, नत्थूकाका नाही थोडीच म्हणते. त्या माणसाले मी बाहेर बसवलं अन् परत पाठवलं.

मी कोणालेच हो म्हटलं नाही. तुले विचारून राहिलो. करशीन का?

तू नाही म्हटलं तरी चालते. घर आहे, ये.

तुझा दादा